आईच्या शेजारची जागा

आमची घरमालकीण कोंबड्यांना सरकारी खात्यांची नावं द्यायची. सेन्सस नावाची एक तांबडी कोंबडी होती, ती अंडी कमी घालायची आणि बाकीच्यांना टोचायची जास्त. रजिस्ट्रारला एका डोळ्याने दिसत नव्हतं. लायसन्स सारखी कुंपणाबाहेर पळायची. सकाळी मागच्या अंगणातून मालकिणीचा आवाज यायचा, "सेन्सस, दुसरीच्या दाण्यात चोच घालू नकोस! तुला सांगून काही उपयोग नाही!" पहिल्या महिन्यात मला वाटलं, बाई डोक्याने गेलेली आहे. तसं काही नव्हतं. हट्टी होती, तोंडाळ होती, आणि तिला कुठलीही गोष्ट विसरता येत नसे. ती जाऊन आता दोन वर्षं झाली.

ही गोष्ट अमेरिकेतल्या डेलावेअरची, डोव्हर गावाच्या वरच्या अंगाची. माझा मुलगा दत्ता इथे बँकेच्या कॉम्प्युटरचं काम करतो. त्याचे मित्र टेक्सासला आणि मिशिगनला, जिथे आपली माणसं ढिगाने आहेत. आमच्या वाट्याला सोयाबीन, मका आणि ही बाई आली. माझी तक्रार नाही. मी अकोले तालुक्यातल्या डोंगरातली, चौथी पास. दारातून शेत दिसलं की मला बरं वाटतं.

घर बघायला गेलो तेव्हा दत्ताने पगाराचे, नोकरीचे कागद एका फायलीत लावून नेले होते. तिने फायलीकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे बोट करून विचारलं, "ही कोण?"

"माझी आई."

"हिची माणसं कोण?"

दत्ता गोंधळला. "आई, ती विचारतेय आपण कोण लोक. म्हणजे काय सांगू हिला?"

मला प्रश्न लगेच कळला. आमच्याकडे एसटीत शेजारी बसलेली बाईसुद्धा दोन थांब्यांच्या आत हेच विचारते. मी म्हटलं, "सांग तिला, आम्ही डोंगरातले महादेव कोळी." मग बापाचं गाव सांगितलं, आईचं माहेर सांगितलं, आजीचं माहेर सांगितलं. दत्ता कानाच्या पाळ्या लाल करून एकेक इंग्रजीत सांगत होता. ती मान तिरकी करून ऐकत होती. आजीपाशी तिने थांबवलं.

"आजीची आई कुठली?"

ते मला माहीत नव्हतं.

"माहीत करून घे," ती म्हणाली, आणि किल्ली काढून माझ्या हातात दिली. दत्ताच्या नाही, माझ्या.

गाडीत दत्ता म्हणाला, "यार, बँकेने पण मला एवढं विचारलं नव्हतं."

तिची जमीन मोठी होती. त्यावर दोन घरं. नवरा गेल्यावर ती लहान घरात राहायला गेली आणि मोठं आम्हाला दिलं. ती तेव्हा ऐंशीच्या पुढे होती. रंग गव्हाळ, केस सरळ आणि पांढरे, डोळे मांजरीसारखे. आमच्या गावात आली असती तर कोणी वळून पाहिलं नसतं, आणि इथे तर प्रत्येक जण तिला दोनदा बघायचा. ती मला हनी म्हणायची. हनी म्हणजे मध, हे सुनेने, स्वातीने सांगितलं. आजवर मला कोणी तसलं काही म्हटलेलं नाही. मी तिला ताई म्हणायला लागले. तिने अर्थ विचारला. मोठी बहीण, असं मी सांगितलं, तर म्हणाली, "मी धाकटी होते. मला हे कोणी म्हटलं नाही कधी. म्हण तू."

माझं इंग्रजी मोडकं, तिचं जुन्या वळणाचं. दोघींचं जमायला वर्ष लागलं. इथे मी सगळं मराठीत लिहिते आहे. पण ती बोलायची असंच, तोडून.

तिला दवाखान्यात नेताना मी तिच्याबरोबर जायचे. तिच्या पर्समध्ये एक पेन्सिल आणि वीतभर लाकडी पट्टी कायम असायची. दवाखान्याचा फॉर्म आला की त्यात एक रांग असते, तुम्ही गोरे की काळे की एशियन की आणखी कोणी. समोर चौकोन, त्यात खूण करायची. ताई खूण करायची नाही. पट्टी लावून सगळ्यांच्या खाली एक नवा चौकोन आखायची, चारही बाजू सारख्या. त्यात खूण करायची आणि पुढे लिहायची. कधी 'मूर' लिहायची. कधी 'नॅन्टिकोक'. फार राग आला असला तर दोन्ही लिहून पुढे आजीचं नाव.

काउंटरवरची मुलगी म्हणायची, "मॅम, कॉम्प्युटरमध्ये हा चौकोन नाहीये."

"मग कॉम्प्युटरला सांग की मी येऊन गेले."

मुलगी माझ्याकडे बघायची. मी दुसरीकडे बघायची.

एकदा थंडीत तिने आम्हाला जेवायला बोलावलं. मस्करॅट शिजवला होता. पाणथळीत राहणारा मोठा उंदीर, कांदा घालून. तिचा बाप सापळे लावून धरायचा, नंतर तिचा एक चुलतभाऊ आणून द्यायचा. स्वाती पुण्याची. तिने वास घेतला, मीटिंग आहे म्हणाली आणि उठली. शनिवारी कसली मीटिंग? मी बसले. आमच्या डोंगरात घूस, ससा, खेकडे खाऊन वाढलेली माझी पिढी. मी दोनदा वाढून घेतलं आणि सांगितलं, तिखट कमी आहे. ताईने चमचा खाली ठेवून माझ्याकडे नीट पाहिलं. तिथून पुढे ती मला भाडेकरू समजेनाशी झाली.

तिचे लोक कोण, हे मला तिने तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, बहुतेक वेळा वाटाण्याच्या शेंगा सोलताना. डोव्हरच्या या बाजूला राहणाऱ्यांना मूर म्हणतात. खाली, समुद्राकडच्या खाडीपाशी जे राहतात ते नॅन्टिकोक, इथले मूळचे आदिवासी. पलीकडे न्यू जर्सीतही आहेत. आडनावं सगळीकडे तीच मोजकी. एका ठिकाणचं लग्न असलं की दुसरीकडची घरं ओस पडायची.

मूर हे नाव कुठून आलं, याच्या गोष्टी आहेत. एक अशी, की आफ्रिकेकडच्या मूर खलाशांची बोट इथे बुडाली आणि ते पोहत किनाऱ्याला लागले. दुसरी अशी, की एका श्रीमंत परदेशी बाईने बाजारातून गुलाम विकत घेतला, तो निघाला राजकुमार, आणि तिने त्याच्याशी लग्न केलं. मला दुसरी गोष्ट आवडली. ताईला आवडत नसे.

"सगळ्यांना राजकुमार पाहिजे," ती म्हणायची. "बोट बुडाली असेल. मी नाही म्हणत नाही. पण बुडणाऱ्यांना कोणी बाहेर काढलं? कोणी खायला घातलं? किनाऱ्यावर आधीच कोणी तरी उभं होतं की नाही? ते आमचे लोक. त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही, कारण ते घरीच होते."

सप्टेंबरात खाली नॅन्टिकोकांचा मेळा भरतो. ढोल, पिसांचे पोशाख, गोल करून नाच. ती मला दरवर्षी न्यायची. स्वतः नाचायची नाही. घडीची खुर्ची रिंगणाच्या तोंडाशी टाकून बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून त्याच्या आजीचं नाव विचारायची. इथल्या गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा एकत्र झाल्या, तेव्हापासून पुढे तिने तीस वर्षं स्कूल बस चालवली होती, त्यामुळे निम्म्या लोकांना ती त्यांच्या शेंबडासकट ओळखायची. एक पिसंवाला तरुण हसून म्हणाला, "आंटी, तुम्ही वरचे मूर लोक, तुम्ही खरे आमच्यातले का?" तिने त्याला वाकायला लावलं आणि त्याच्या पणजीचं, खापरपणजीचं नाव त्यालाच सांगितलं. "तिला दोन मुली होत्या. एक खाली राहिली, तिचा तू. एक वर आली, तिची मी. आता जा, नाच." तो गेला. मी तोवर तिथला तळलेला पाव खाऊन घेतला. आपल्या पुरीसारखाच, जाड असतो.

तिचं सगळंच मला पटायचं असं नाही. ती लहान असताना इथे तीन शाळा होत्या. गोऱ्यांची एक, काळ्यांची एक, मूर मुलांची एक. मूर मुलांना आठवीच्या पुढे शाळा नव्हती. ताई आठवीनंतर टोमॅटोच्या कारखान्यात डबे भरायला गेली. हे सांगताना तिला अजून राग यायचा.

मी विचारलं, "काळ्यांच्या शाळेत का नाही गेलीस?"

ती शेंगा सोलायची थांबली. "बाप म्हणाला, आपण ते नाही."

"म्हणजे तुमच्याखालीही कोणी होतं."

मला वाटलं आता ही उठून जाईल. ती म्हणाली, "होतं. आणि आपल्याखाली कोणी आहे हे किती बरं वाटायचं, तेही मला आठवतं." मग टोपली माझ्याकडे सरकवली. "तू फार बोलतेस, हनी. सोल."

कोंबड्यांच्या नावांचा उलगडा मला कब्रस्तानात झाला. तिच्या लोकांचं एक जुनं लाकडी चर्च आहे, त्याला लागून दफनभूमी. अर्ध्या थडग्यांवर दगड नाहीत. पूर्वी कोणी लाकडी फळी रोवायचे, कोणी शिंपल्यांची रांग लावायचे. फळ्या कुजल्या, शिंपले मातीत गेले. कोण कुठे आहे हे ताईला माहीत होतं, आणि जे माहीत नव्हतं ते ती शोधून काढायची. तिच्याकडे एक लोखंडी सळई होती, माझ्या खांद्याइतकी उंच, वर आडवी मूठ. वसंतात जमीन मऊ झाली की ती सळई घेऊन निघायची आणि मी दोरी घेऊन. माती एकदा खणली की शंभर वर्षांनीही पूर्वीसारखी घट्ट होत नाही. सळई सरसर खाली गेली तर तिथे कोणी आहे. अडली तर नाही. ती टोचायची, मी दोरीने अंतर धरायची, आणि ती वॉलपेपरच्या गुंडाळीच्या उलट्या बाजूवर चौकोन काढून नाव लिहायची. चाळीस वर्षांची ती गुंडाळी होती. नवीन कोणाला पुरायचं असलं की चर्चची माणसं तिच्याकडे यायची. ती सांगेल तिथेच खणायचं.

मेलेल्यांना ती माझी ओळख करून द्यायची. "अंकल, ही डोंगरातली कोळीण. इंग्रजी बरं नाही हिचं, पण खाते व्यवस्थित."

एका चौकोनापाशी ती थांबली. "ही माझी आई. जन्माच्या कागदावर हिला कारकुनाने एक जात लिहिली, लग्नाच्या कागदावर दुसरी, मरणाच्या कागदावर तिसरी. आई तीच. बापाला लष्करात गोरा लिहिलं आणि त्याच्या सख्ख्या भावाला काळा. लिहिणारा विचारायचा नाही. मान वर करून बघायचा आणि लिहायचा. ढग असले तर एक, ऊन असलं तर दुसरं." तेव्हा कळलं की सेन्सस आणि रजिस्ट्रार कोण.

मी हसले. ती म्हणाली, यात हसण्यासारखं काय आहे? मग मी तिला दत्ताच्या दाखल्याची गोष्ट सांगितली. दत्ताला इंजिनिअरिंगला जायचं होतं, तर आम्ही खरे आदिवासी आहोत हे सिद्ध करा म्हणाले. माझ्या सासऱ्यांच्या शाळेच्या रजिस्टरात मास्तरांनी नुसतं 'कोळी' लिहिलं होतं. त्यांच्या चुलतभावाच्या नावापुढे 'महादेव कोळी'. एकाच घरातले, एकाच वर्गातले दोघं. दाखले तपासणाऱ्या कमिटीसमोर मला उभं केलं. टेबलामागे तीन साहेब. तुमचा देव कोणता? लग्नात काय करता? नाच कसला करता? मी म्हटलं, साहेब, नाचून दाखवू का? एक साहेब म्हणाला, थोडं दाखवा.

"आणि तू?"

"दाखवला. लेकाची अ‍ॅडमिशन होती."

ताई हसत हसत खाली बसली. हसू थांबेना. मग लक्षात आलं की आपण कुणावर तरी बसलोय, तेव्हा उठली, झगा झटकला आणि खाली बघून म्हणाली, "सॉरी, आंट."

तिच्या आईच्या एका हाताला तिचा बाप आहे. दुसऱ्या हाताला एक जागा रिकामी होती. गुंडाळीवर त्या चौकोनात तिने पेन्सिलीने स्वतःचं नाव लिहून ठेवलं होतं. नवरा त्याच्या माणसांत, न्यू जर्सीला पुरलेला. "नवऱ्याबरोबर पंचेचाळीस वर्षं झोपले, पुरे झालं," ती म्हणायची. "आता आईजवळ." बाकी कशाची तिला हाव नव्हती. त्या जागेची होती.

तिला एक मोठी बहीण होती. स्वयंपाकघरात दोघींचा शाळेपुढचा फोटो होता, त्यात बहीण उजळ दिसते. एकोणिसाव्या वर्षी ती पेनसिल्व्हेनियाला दुकानात नोकरीला गेली. तिथे तिला सगळ्यांनी गोरी धरलं. तिने तसंच धरू दिलं, तसंच लिहिलं, गोऱ्याशी लग्न केलं, आणि मग घरी यायची थांबली. आईच्या मयताला मात्र आली. रस्त्यावर मोठी गाडी येऊन उभी राहिली, नवरा चालवत होता. तो पुढे, ही मागे बसलेली. ताईने सगळं आटपेपर्यंत गाडीकडे पाठ केली नाही. बहीण उतरली नाही. काचसुद्धा खाली केली नाही. माती लोटून झाली तशी गाडी निघून गेली.

आम्ही इथे आल्यानंतरच्या चौथ्या उन्हाळ्यात ताईला एक फोन आला. फोन ठेवून ती सरळ माझ्या स्वयंपाकघरात आली. मी भाकरी थापत होते.

"माझी बहीण मेली," ती खुर्चीवर बसत म्हणाली. "तिच्या मुलीचा फोन होता. साठीची बाई आहे आणि तिला गेल्या महिन्यापर्यंत आजीचं नाव माहीत नव्हतं. मरताना बहिणीने सगळं सांगितलं. आणि सांगितलं की मला माझ्या आईच्या शेजारी ठेवा."

"मग?"

"मी नाही म्हणाले."

मी चहा ठेवला. "तुझ्या जागेसाठी नाही म्हणालीस की तिच्या वागण्यासाठी?"

"दोन्हीसाठी. साठ वर्षं आईचं नाव तिने घेतलं नाही. आम्ही इथे राहिलो. लोकांचं ऐकलं, डबे भरले, आईचं केलं. आणि आता तिला आईच्या कुशीत यायचंय? जे राहिले त्यांची जागा आहे ती."

"ती कुणाच्या पोटची?"

"मला शिकवू नकोस. तिने स्वतः कागदावर गोरी लिहिलं."

"कागद खोटा असतो हे तूच सांगतेस सगळ्यांना. आईच्या तीन कागदांवर तीन जाती. हिचाच तेवढा खरा?"

"आईचे दुसऱ्यांनी लिहिले. हिने स्वतःच्या हाताने लिहिला!"

ते खरं होतं. पण मला गप्प बसता येत नाही. मी म्हटलं, "हो, लिहिला. आणि आता तू टेबलामागे बसली आहेस आणि ती समोर उभी. विचार तिला, तुझा देव कोणता. विचार, नाचून दाखव म्हणून. ताई, तू कमिटी झालीस."

ती उठली. चहाला तिने हातही लावला नव्हता. दार आपटून गेली.

अठरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. अंडी रोज सकाळी पायरीवर असायची, पण दार वाजायचं नाही. दत्ता म्हणाला, "आई, सॉरी म्हण ना. घर खाली करायला लावलं तर?" स्वाती म्हणाली, "आई, तुम्ही त्यांना असं कसं बोललात? त्यांची बहीण गेलीय." मी म्हटलं, मी खरं तेच बोलले आणि अंडी येतायत तोवर घर जात नाही. पण मला चैन पडत नव्हतं, हेही लिहिते. दुपारची मी खिडकीशी बसायची. ती कोंबड्यांनाही ओरडत नव्हती.

एकोणिसाव्या दिवशी दार वाजलं. ती सळई घेऊन उभी होती.

"दोरी घे," ती म्हणाली. "मी हो म्हणालेले नाही. मला फक्त मोजायचंय."

उन्हाळ्याची जमीन घट्ट होती. आईच्या पायाशी उभी राहून ती मला म्हणाली, "इथे मी कधी टोचलं नाही." मी बघतच राहिले. चाळीस वर्षं सगळ्या गावाला टोचून मोजलेली बाई, आणि स्वतःच्या जागेला तिने सळई लावली नव्हती. सळई आईला लागेल म्हणून. आठवणीने चौकोन काढला होता, नाव लिहिलं होतं, झालं.

तिने टोचायला सुरुवात केली. आईची कड सापडली. मग रिकाम्या जागेच्या पलीकडे पुरलेल्या मामाची कड शोधायला लागली. ती जिथे असायला हवी तिथे नव्हती, बरीच अलीकडे होती. मामाला कोणी तरी तिरका पुरला होता. मी दोरी धरली, तिने पाहिलं, पुन्हा धरायला लावली. पेटी ठेवायला जेमतेम जागा होती. एकीची. तीही सडपातळ असली तर.

ती सळईवर टेकली. मग म्हणाली, "झालं. मला वाटत होतं दोन पेट्या दाटीवाटीने बसतील. तेवढं झालं असतं तर मी विचार केला असता. आता ती तरी किंवा मी तरी." आवाज बारीक झाला होता. मला तो आवडला नाही.

मी विचारलं, "बहिणीला कधी आणणार होती भाची? इतके दिवस ठेवलीय कुठे?"

"ठेवलीय कुठे म्हणजे? जाळलं तिला." हे ती अशा तोंडाने म्हणाली की जणू बहिणीचा हा गुन्हा गोरं होण्यापेक्षा मोठा. "आम्ही जाळत नाही. भाचीला काय माहीत! आमच्यातल्या कुणाला आजवर जाळलेलं नाही. राख झाली तरी पुरायला पेटी पाहिजेच..."

"अगं, मग ती आता आहे केवढी?"

"काय?"

मी दोरी खाली टाकली आणि दोन्ही हातांनी दाखवलं. "आम्ही सगळ्यांनाच जाळतो. माझा नवरा सहा फुटी, दारातून वाकून जायचा. त्याचं शेवटी एवढं गाडगं झालं. माझ्या मांडीवर बसून नदीवर गेला. तुझी बहीण तर बाईमाणूस. तिला पेटी लागत नाही. एवढासा डबा आणि वर तू."

ती माझ्या हातांकडे बघत राहिली, मग जमिनीकडे, मग पुन्हा हातांकडे.

"तू फार वाईट बाई आहेस," ती म्हणाली.

"मी फक्त मोजतेय."

"माझ्याआधी तिला आत घ्यायचं. आणि मी तिच्याबरोबर कायमची."

"ते तुझं तू बघ. जागा आहे एवढंच मी सांगितलं."

सळई उपटून ती चालायला लागली. फाटकाशी थांबून तिने दोन अटी सांगितल्या, मलाच, जणू मी भाची आहे. एक, दगडावर आईबापाचं आडनाव लागेल, नवऱ्याचं नाही. दोन, गाडी रस्त्यावर राहील आणि सगळे चालत आत येतील. घरी जाऊन तिने फोन लावला. भाची दोन्हीला लगेच हो म्हणाली, याचा ताईला थोडा रागच आला. तिला वाटलं होतं, भांडावं लागेल.

ऑक्टोबरात ते आले. भाची, तिचा नवरा, दोन मोठ्या मुली. गाडी रस्त्यावर लावून चालत आले. भाचीच्या हातात गुळगुळीत लाकडी डबा होता, मी दाखवला होता त्यापेक्षाही लहान. ताईचे वीसेक लोक जमले होते. त्यातल्या दोघी-तिघी बायका तोंड फिरवून उभ्या होत्या. ताईने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या सरळ झाल्या. ती नवा निळा झगा घालून खुर्चीवर बसली होती. भाची डबा घेऊन तिच्यासमोर येऊन उभी राहिली. ताईने तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं आणि म्हणाली, "कपाळ आईचं आहे. बस इथे."

पाद्र्याचं थोडक्यात झालं. चर्चच्या माणसाने जागेच्या मधोमध एक चौकोनी खड्डा खणून ठेवला होता. भाची गुडघ्यांवर बसली, वाकली आणि डबा आत मधोमध ठेवला. ती उठणार एवढ्यात ताई खुर्चीवरून ओरडली.

"मध्ये नाही! मध्ये ठेवलीस तर मी कुठे जाऊ?"

भाची घाबरून म्हणाली, "मग कुठे ठेवू, आंटी? या कडेला?"

"कडेला तर मुळीच नको." ताई उठली. मी तिचा दंड धरला, कारण ती खड्ड्याच्या अगदी तोंडाशी गेली होती. "आम्ही दोघी आईजवळ एका पलंगावर झोपायचो. मी रडून आईची बाजू घ्यायची आणि हिला कडेला पाठवायची. कडेला झोपली की ही खाली पडायची. दर दोन-तीन दिवसांनी पडायची, आणि तरी आईला सांगायची नाही." तिने हाताने दाखवलं. "तिला आईकडे सरकव. कडेला मी झोपेन."

भाचीने हात खाली घालून डबा सरकवला. चर्चच्या माणसाने फावड्याने आईच्या बाजूची माती थोडी ओढून जागा केली. ताई माझा हात घट्ट धरून वाकली आणि आत बघितलं.

"अजून थोडी," ती म्हणाली.